मूल जिम्नॅस्टिक्सला जातंय, आता घरच्यांनी काय करायचं?

माझी मुलगी चौथीत असताना एका रात्री डाव्या हातानं, चमच्यानं वरणभात खात बसली. उजवी मूठ मिटलेली. हात उघडायला लावला तर तळव्याच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढी कातडी सुटून लोंबत होती आणि खाली लालबुंद. बारवर लटकून फोड आला होता, तो फुटला, आणि त्यानंतरही तिनं अर्धा तास सराव केला होता. "सांगितलं का नाहीस?" म्हटलं तर म्हणाली, "तू उद्या पाठवलं नसतंस."

खरंच पाठवलं नसतं. मुलीला ते माझ्याआधी ठाऊक होतं, म्हणून तिनं मूठ मिटली. त्यानंतरची आठ वर्षं आमच्या घरात एकाच गोष्टीची काळजी घेतली: दुखलं किंवा भीती वाटली तर ते तिला बिनधास्त सांगता यावं, आणि सांगितल्याबद्दल तिचा खेळ हिरावला जाऊ नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

पहिली पायरी: हॉल बघायला स्वतः जा

आधी कुठलं जिम्नॅस्टिक्स ते ठरवा. आर्टिस्टिकमध्ये मुलींना चार साधनं असतात: व्हॉल्ट (धावत येऊन टेबलासारख्या साधनावर हात टेकून उडी), अनइव्हन बार्स (वर-खाली उंचीच्या दोन दांड्या), बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी) आणि फ्लोअर (जमिनीवरची कसरत). मुलांना सहा: फ्लोअर, पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोडा), रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार्स आणि हॉरिझाँटल बार. रिदमिकमध्ये रिबन, हूप, बॉल, क्लब्ज आणि संगीत. लवचीक, नाचाची आवड असलेली मुलगी रिदमिकमध्ये रमते. महाराष्ट्रात या प्रकाराचं काम चांगलं आहे. ठाण्याच्या संयुक्ता काळेनं २०२२ मध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं घेतली होती. मूल आधी मल्लखांबाला जात असेल तर उत्तमच. हातांची पकड, पोटाची ताकद आणि उलटं लटकायची सवय घेऊनच ते येतं.

पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात ठीक. आठव्या-नवव्या वर्षी केली तरी काही बिघडत नाही. ऑलिंपिकच्या आर्टिस्टिक प्रकारात मुलीला त्या वर्षी १६ आणि मुलाला १८ पूर्ण होत असतील तरच उतरता येतं. मुलांची खांद्या-दंडांची ताकद तर वयात आल्यानंतरच खरी वाढते, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला रिंग्ज जमत नाहीत म्हणून काळजी करत बसू नका.

पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास हॉलमध्ये बसा. उडी मारून जिथं उतरायचं तिथं जाड मॅट आहे का, दोन मॅटमधल्या फटी बुजवल्या आहेत का, बार हलतो का, हे बघा. एका सरांकडे एकाच वेळी किती मुलं आहेत ते मोजा. नवीन उडी शिकवताना सर शेजारी उभे राहून हाताचा आधार देतात की लांबूनच ओरडतात, तेही बघा. चुकलेल्या मुलीशी ते कसे बोलतात हे ऐकलंत तर निम्मा निर्णय तिथंच होईल.

आम्ही पहिला क्लास तीन महिन्यांत सोडला. तिथं स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ ताणून बसणं) पूर्ण खाली जावा म्हणून लहान मुलींच्या खांद्यांवर जोर देऊन बसत. मुली रडायच्या आणि बाहेर बसलेल्या आम्ही आया एकमेकींना सांगायचो की एवढं तर करावंच लागतं. तसं करावं लागत नाही. स्प्लिट महिन्यामहिन्यानं उतरतो, रोज थोडा थोडा, मुलीच्या स्वतःच्या वजनानं. ताण बसला की ओढल्यासारखं वाटतं, ते चालेल. मूल रडत असेल तर थांबायचं.

दुसरी पायरी: पहिलं वर्ष नुसतं जाऊ द्या

पहिल्या वर्षी घरच्यांना दाखवण्यासारखं फारसं काही होत नाही. कोलांटउडी, कमान, कार्टव्हील, भिंतीला टेकून हँडस्टँड म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, आणि पाठीवर झोपून हात-पाय जमिनीपासून जरासे वर धरण्याचा तो होडीसारखा व्यायाम, तो तर शेकडो वेळा. बघणाऱ्याला कंटाळा येतो. पण पुढची प्रत्येक उडी याच होडीतून येते. हवेत अंग घट्ट धरता आलं नाही तर मूल फिरताना सुटं पडतं आणि वेडंवाकडं उतरतं. "अजून बॅकफ्लिप शिकवली नाही का?" असं सरांना विचारू नका. ज्या हॉलमध्ये ती दोन महिन्यांत शिकवतात, तिथून मूल काढा.

सामान फार लागत नाही. अंगाला घट्ट बसणारे कपडे, कारण सैल टी-शर्ट कमानीत तोंडावर येतो आणि सरांच्या हातात अडकतो. केस घट्ट बांधलेले, कानात-गळ्यात काही नको, नखं कापलेली. महागडा लिओटार्ड (अंगाला चिकटून बसणारा स्पर्धेचा एकसंध पोशाख) पहिल्या स्पर्धेच्या वेळी घ्या, ग्रिप्स (बारवर तळव्याला बांधायचे पट्टे) सर सांगतील तेव्हा. फीपेक्षा पुढे जाणं-येणं आणि स्पर्धांचा मुक्काम यावर जास्त खर्च होतो. वर्षात किती स्पर्धा, कुठे, हे सुरुवातीलाच विचारून ठेवा.

आणि आठवड्याचे तास. मुलाचं जेवढं वय, त्याहून जास्त तास एका खेळाला आठवड्यात देऊ नयेत, असा क्रीडावैद्यकातला एक साधा ठोकताळा आहे. आठ वर्षांच्या मुलीला आठ तास. मोठ्या क्लासमध्ये याहून जास्त मागतात. तेव्हा जास्तीच्या तासांत नेमकं काय करणार आणि सुट्टी कुठल्या दिवशी, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी हवीच.

तिसरी पायरी: घरी सराव घेऊ नका

मोबाइलवर व्हिडिओ बघून पलंगावर उडी मारायला लावणं, सोफ्याच्या हातावरून मुलीला उलटं टाकणं, पाहुणे आले की "करून दाखव ना" म्हणणं, हे सगळं बंद. जेवण झाल्यावर, फरशीवर, अंग गरम नसताना केलेली एक कमान महिनाभर पाठ धरून ठेवू शकते. सरांनी घरी करायला सांगितलं असेल तेवढंच करावं: भिंतीजवळचा हँडस्टँड, पोटाचे व्यायाम, मांड्यांचा ताण. तेही सतरंजीवर, आजूबाजूला टेबलाचा कोपरा नसताना.

चौथी पायरी: भीती

ही सगळ्यात अवघड, म्हणून इथं जरा थांबते.

बीमची रुंदी १० सेंटीमीटर. लांबी ५ मीटर. स्पर्धेत तो जमिनीपासून १.२५ मीटरवर असतो, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्याएवढ्या उंचीवर. स्वयंपाकघरातली फूटपट्टी घ्या, फरशीवर दहा सेंटीमीटरच्या दोन रेघा मारा आणि त्यांच्या आतून डोळे समोर ठेवून चालून बघा. मग तिथं मागे वाकून, हात टेकून, पाय डोक्यावरून टाकायचे आहेत अशी कल्पना करा.

माझी मुलगी अकराव्या वर्षी बॅक वॉकओव्हर करताना बीमवरून घसरली. लागलं फारसं नाही, मांडीच्या आतल्या बाजूला खरचटलं. पण त्यानंतर चार महिने तिला तो जमेना. जमिनीवरच्या रेघेवर सुरेख करायची. बीमवर चढली की हात वर, श्वास, आणि तिथंच थांबायची. मी काचेपलीकडे बसलेली असायचे. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की हात वर घेण्याआधी ती दर वेळी माझ्याकडे बघते. आणि दर वेळी माझा चेहरा आक्रसलेला असतो, ओठ दाबलेले. तिला पडण्याची भीती होतीच, वर माझी भीतीही ती उचलत होती.

मी तिथं बसणं बंद केलं. खाली जाऊन भाजी घ्यायचे आणि सुटायच्या वेळी यायचे. सरांनी तिला पुन्हा खालच्या बीमवर आणलं, मग बाजूला मॅट रचून बीमच्या उंचीपर्यंत आणल्या आणि आठवड्याला एकेक मॅट काढत गेले. चौथ्या महिन्यात जमला. मला ती घरी आल्यावर कळलं, आणि मला वाटतं तिला तेच हवं होतं.

भीतीवर पालकांनी करायचं ते इतकंच. "त्यात काय घाबरायचं" म्हणू नका. "कालपर्यंत तर जमत होतं" हे तर कधीच नाही. "केलंस तर सायकल" असं आमिष लावू नका, कारण सायकलीसाठी मूल तयार नसताना उडी मारतं. "सरांना सांगितलंस का?" हा प्रश्न पुरे. नसेल सांगितलं तर सोबत जा, पण बोलू द्या तिलाच.

अमेरिकेची सिमोन बाइल्स २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला सांघिक अंतिम फेरीतून बाहेर आली. हवेत आपण कुठे आहोत याचा तिचा अंदाज सुटत होता, अशा वेळी उडी मारली तर मान मोडू शकते. जगातली सर्वोत्तम जिम्नॅस्ट थांबली आणि २०२४ मध्ये पॅरिसला परत येऊन तिनं तीन सुवर्णपदकं जिंकली. मुलीला ही गोष्ट सांगा. त्याहून आधी ती आजोबांना आणि शेजाऱ्यांना सांगा, कारण "घाबरट आहे का गं?" असं विचारणारे तेच असतात.

पाचवी पायरी: कुठलं दुखणं साधं, कुठलं नाही

तळवा फुटला तर साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवा. झोंबतं, मूल ओरडतं, पण धुवायलाच हवं. सुटलेली कातडी ओढू नका, स्वच्छ कात्रीनं कापा. जंतुनाशक मलम, वर पट्टी. रात्री कोरडं पडू नये म्हणून व्हॅसलीन. जुने घट्टे फार जाड होऊ देऊ नका, अंघोळीनंतर हलक्या हातानं घासून सपाट ठेवा, फोड बहुधा त्यांच्याच कडेला येतो. त्या रात्रीनंतर आमच्याकडे नियम झाला: तळवा फुटला तर दोन दिवस बार बंद, हॉल चालू. तिनं पुन्हा कधी मूठ मिटली नाही.

सरावानंतर दोन्ही मांड्या, पोटऱ्या, खांदे सारखेच दुखणं आणि दोन-तीन दिवसांत थांबणं, हे स्नायूंचं. गरम पाणी, झोप, बास. बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी, हाडावर, एकाच बाजूला दुखत असेल, दर सरावाला वाढत असेल, रात्री जाग येत असेल, मूल लंगडत असेल किंवा सूज असेल, तर ते वेगळं. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो आणि या खेळात भार नेमका तिथं येतो. तीन जागा लक्षात ठेवा.

मनगट: हँडस्टँडला किंवा व्हॉल्टवर हात टेकताना दुखत असेल तर हाताचा भार थांबवून डॉक्टरांना दाखवा. टाच: साधारण आठ ते तेरा या वयात, उंची भराभर वाढताना, पळताना आणि उतरताना दुखते. विश्रांतीनं बरी होते, पण विश्रांती घ्यावी लागते. आणि कंबर. कमान केल्यावर कंबरेत खालच्या बाजूला दुखत असेल आणि दोन आठवड्यांत थांबत नसेल तर खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. मणक्याच्या मागच्या भागात सूक्ष्म तडा असू शकतो. वेळेवर सापडला तर काही महिन्यांची विश्रांती पुरते. सरावाआधी वेदनाशामक गोळी देऊन पाठवू नका. दुखणं कळत नाही आणि इजा वाढत जाते.

डोक्यावर किंवा मानेवर पडल्यास मुलाला उठवून बसवू नका. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. डोकं आपटल्यावर उलटी, गुंगी, गोंधळल्यासारखं बोलणं यांपैकी काही असेल तर सरळ रुग्णालय. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा सराव नाही.

एक सोपा उपाय आमच्या फार कामी आला. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीनं उंचीची खूण. बाराव्या वर्षी दोन खुणांमध्ये एकदम मोठं अंतर दिसलं. त्याच सुमारास तिच्या जमलेल्या उड्या बिघडल्या होत्या आणि ती स्वतःवर चिडत होती. पाय लांब झाले की वेग, तोल, अंतर सगळं बदलतं. खुणा सरांना दाखवल्या तर त्यांनी स्वतःहूनच उड्यांची संख्या कमी करून ताकदीचे व्यायाम वाढवले.

सहावी पायरी: ताट

घरचंच जेवण पुरतं. शाळेतून आल्यावर, सरावाच्या दीड-दोन तास आधी पोहे किंवा पोळी-भाजी. निघताना केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. परत आल्यावर लगेच दूध, किंवा गूळ-शेंगदाणे, आणि मग व्यवस्थित जेवण: वरण-भात-तूप, उसळ, चालत असेल तर अंडी. नाचणीची भाकरी किंवा सत्त्व आठवड्यातून तीन-चारदा, हाडांसाठी. खेळ बंद हॉलमधला असल्यानं ऊन मिळत नाही, म्हणून रविवारी तरी मोकळ्यावर खेळू द्या. झोप नऊ-दहा तास. उशिराची बॅच असेल तर शिकवणी कमी करा, झोप नाही.

वजनाबद्दल घरात बोलायचं नाही. तिच्याही नाही, तुमच्याही नाही. "लिओटार्डमध्ये पोट दिसतंय" हे आत्यानं सहज म्हटलेलं वाक्य मुलगी वर्षानुवर्षं विसरत नाही. हॉलमध्ये सगळ्यांसमोर वजन करून ओरडत असतील तर जाऊन बोला. खेळाला लागतं त्यापेक्षा कमी खाल्लं की हाडं ठिसूळ होतात, जखमा लवकर भरत नाहीत, पाळी लांबते. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा आलेली सलग तीन महिने थांबली, तर "खेळाडूंचं असं होतंच" म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे न्या.

सातवी पायरी: सरांवर विश्वास आणि उघडं दार

या खेळात आधार देताना सरांचा हात कंबरेला, पाठीला, मांडीला लागतो. हे मुलांना आधीच समजावून सांगा, म्हणजे त्यापलीकडचं काय ते त्यांना ओळखता येईल. आधार सगळ्यांसमोर, उडीपुरता असतो. बंद खोलीत एकटीला मालिश, रात्री खासगी मेसेज, "हे आईला सांगू नकोस", यातलं काहीच प्रशिक्षणाचा भाग नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये शिक्षा झाली. त्यानं उपचारांच्या नावाखाली शेकडो मुलींवर अत्याचार केले, काही वेळा आई-वडील त्याच खोलीत असताना. मुली सांगत होत्या. मोठ्या माणसांनी ऐकलं नाही.

आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं त्यानुसार बंधनकारक आहे. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा फोन क्रमांक मुलीला पाठ असू द्या. क्लास पालकांना कधीच आत येऊ देत नसेल तर तिथं पाठवू नका. मी काचेजवळ बसणं सोडलं, पण ते माझ्या मर्जीनं. दार उघडंच होतं आणि मी अधूनमधून न सांगता जायचे.

तंत्राबद्दल मात्र सरांना शिकवू नका. शंका असेल तर सरावानंतर, मूल समोर नसताना विचारा.

आठवी पायरी: स्पर्धेचा दिवस

गुण कसे मिळतात ते समजून घ्या, नाहीतर घरी जाताना चुकीचं बोलाल. गुणांचा एक भाग अवघडपणाचा, त्यात कठीण घटकांची बेरीज. दुसरा सफाईचा, तो दहापासून सुरू होऊन चुकांनुसार कमी होतो. उतरताना छोटं पाऊल हललं तर ०.१, पडलं तर पूर्ण १ गुण जातो. म्हणजे एकदा पडलेली मुलगी बाकी रूटीन, म्हणजे त्या साधनावरची सलग कसरत, कितीही सुंदर करो, क्रमवारीत बहुधा खाली जाणारच. ती वाईट खेळली असं नाही. दीपा कर्माकर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुणांवर चौथी आली. ब्राँझ ०.१५० नं हुकलं. तळपाय सपाट असलेली, त्रिपुराची मुलगी.

आदल्या दिवशी पोहोचा. पुण्यातल्या बालेवाडीच्या मोठ्या हॉलमध्ये माझ्या मुलीनं पहिल्यांदा स्प्रिंगचा फ्लोअर पाहिला. एवढी उसळी सवयीची नव्हती, पहिल्याच उडीत ती रेषेबाहेर गेली. सरावाचा वेळ मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी सावरली. पिशवीत जादा लिओटार्ड, केसांच्या पिना, चिकटपट्टी, नेहमीचंच खाणं. गॅलरीतून सूचना ओरडू नका.

परतीच्या प्रवासात गुणांचा विषय तिनं काढला तरच. तिचे बाबा स्कूटरवर एकच विचारायचे: "भूक लागली का?" बरेचदा वडापाव खाता खाता तीच सगळं सांगायची.

नववी पायरी: दहावी आणि थांबणं

आठवीपासून शाळा ओढायला लागते. मुख्याध्यापकांना वर्षाच्या सुरुवातीलाच स्पर्धांच्या तारखा द्या. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा होतात आणि १४, १७, १९ वर्षांखालील गट असतात. दहावी-बारावीला महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळात खेळाडूंना सवलतीचे गुण असतात, म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र, अगदी सहभागाचंसुद्धा, पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावा. अर्ज शाळेमार्फत जातो, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

आणि मूल सोडतो म्हणालं तर? त्याच दिवशी हो किंवा नाही म्हणू नका. एखाद्या वाईट स्पर्धेनंतर किंवा पडल्यावर म्हणालं असेल तर एक महिना थांबा, तास कमी करा, मग परत विचारा. तेव्हाही तेच उत्तर आलं तर ते खरं. "एवढे पैसे घातले" हे वाक्य गिळून टाका. सरांना भेटून, आभार मानून, शेवटचा दिवस ठरवून बाहेर पडू द्या, चोरासारखं नको.

माझ्या मुलीनं दहावीनंतर स्पर्धा थांबवल्या. शनिवारी ती लहानांच्या बॅचला मदत करायला जाते. गेल्या महिन्यात मी तिला आणायला गेले तेव्हा एका आठ वर्षांच्या मुलीचा तळवा फुटला होता. हिनं तिला नळाखाली हात धरायला लावला, सुटलेली कातडी कापली, पट्टी बांधली आणि बाहेर येऊन तिच्या आईला म्हणाली, "काकू, दोन दिवस बार नाही. पण सोमवारी पाठवा हं तिला."